साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास

एखादे गाव किती लांब आहे, हे सांगण्याच्या आपल्याकडे पूर्वी फार सोयीच्या पद्धती होत्या. देऊळ हाकेच्या अंतरावर असे. नदी चिलीम ओढून होईपर्यंत येई. तालुक्याचे गाव म्हणजे भाकरी बांधून घ्यायची आणि उन्हे डोक्यावर यायच्या आत पोचायचे. कोकणात किंवा देशावर वाटेत भेटलेल्या माणसाला "अजून किती लांब?" असे विचारले, तर तो हमखास "हे काय, इथेच, टेकडीपलीकडे" असे सांगे. ती टेकडी नेमकी कोणती, हे मात्र चालणाऱ्याने आपापले ठरवायचे. कोस, मैल आणि किलोमीटर ही मापे सरकारची. माणसांनी अंतर मोजले ते नेहमी वेळेत आणि शिदोरीत.

हल्ली आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरातले एक माणूस अमेरिकेत असते. तिथेही हीच जुनी पद्धत चालू आहे. "तुमचा मुलगा किती लांब असतो हो?" या प्रश्नाला कुणी साडेबारा हजार किलोमीटर असे उत्तर देत नाही. "सोळा तास," असे म्हणतात, आणि ते अशा सहजपणे, की जणू रात्रीच्या गाडीने निघून सकाळी भुसावळला उतरायचे आहे. माझा थोरला भाऊ गेली वीसहून अधिक वर्षे न्यूजर्सीत आहे. त्यामुळे हे सोळा तास आमच्या घरात मिठाच्या बरणीसारखे कायम फडताळावर ठेवलेले आहेत. ते खरोखर किती असतात, याचा हिशेब मला मांडायचा आहे.

आमचे आप्पा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या डब्यात, डोक्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली उभे राहून खणाखणांत पत्रे टाकायची, हे काम त्यांनी तीस-बत्तीस वर्षे केले. गावांची त्यांना कमालीची माहिती. पण ती सगळी बाहेरून. नाशिक रोड म्हणजे त्यांच्या लेखी पाच पिशव्या, मनमाड म्हणजे गाडी बदलणारी डाक, जळगाव म्हणजे पहाटेचा चहा. त्यांतले एकही गाव त्यांनी धड पाहिलेले नव्हते, पण कोणते पत्र कुठे किती वाजता पोचेल हे ते झोपेत सांगत. अंतर म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे दिलेला शब्द, असे त्यांचे साधे गणित. मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता. "तिकडून इकडे यायला किती तास?" एवढेच त्यांनी विचारले होते.

*

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. ते काटायला आपल्या माणसांना पूर्वी किती वेळ लागे, हे पाहिले म्हणजे सोळा तासांची किंमत कळते.

कल्याणची यमू, म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि सुएझ कालव्यातून इंग्लंडमार्गे ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा वर्षे पुरी होऊन एक आठवडा झालेला. नवरा बरोबर नाही, नात्याचे माणूस बरोबर नाही. धक्क्यावर घ्यायला येणार होत्या न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई, ज्यांना त्यांनी तोवर फक्त पत्रांतूनच ओळखले होते. दहा वर्षांनी, ३१ मे १८९३ रोजी, स्वामी विवेकानंद मुंबईहून निघाले ते नेमके उलट्या दिशेने. सिंहल, सिंगापूर, चीन, जपान करीत ते पॅसिफिक ओलांडून व्हँकुव्हरला उतरले आणि जुलैच्या अखेरीस शिकागोला पोचले. त्यांनाही दोन महिनेच लागले. पूर्वेने जा की पश्चिमेने जा, अमेरिका आपल्यापासून जवळजवळ सारखीच दूर आहे. पृथ्वीच्या पाठीवर तिची आणि आपली पाठ लागलेली आहे म्हणा ना!

एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली आणि महिन्यांचे तास झाले. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, १ ऑगस्ट २००७ रोजी, तिचेच विमान मुंबईहून उडून वाटेत कुठेही न टेकता न्यूयॉर्कला उतरू लागले. 'सोळा तास' हे शब्द आपल्या बोलण्यात आले ते त्या सुमारास. आनंदीबाईंच्या अठ्ठावन्न दिवसांचे मोजून सोळा तास! दादाने तेव्हा फोनवरून ही बातमी दिली आणि आप्पांनी आपल्या डायरीत, जिथे जुन्या गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या तिथेच खाली, ती टिपून ठेवली.

*

परंतु गाडीच्या वेळापत्रकात जसे स्टेशनावर पोचण्याचे कष्ट छापलेले नसतात, तसेच या सोळा तासांचेही आहे. आमच्या घराच्या उंबऱ्यापासून दादाच्या उंबऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला तर तो असा होतो. विमान रात्री एकचे. म्हणून ठाण्याहून आठला निघायचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा तिला चौतीस किलोमीटरसाठी सत्तावन्न मिनिटे लागली होती. ठाण्याहून विमानतळ त्याहून पुष्कळच जवळ, पण आमच्या टॅक्सीला सव्वा तास लागला. प्रगती ही सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही. मग रांगा, शिक्के, तपासण्या. पावणेसोळा तास आकाश. मग पुन्हा रांग, शिक्का, सामानाचा फिरता पट्टा. आणि शेवटी एडिसनपर्यंतचा मोटारीचा रस्ता. सगळे मिळून चोवीस तास. आणि हे सगळे मनासारखे जुळून आले, थेट विमान असले, तिकीट आधी काढलेले असले, घाई नसली, तर!

घाई असली म्हणजे काय होते, ते आमच्या घराला मार्च २०१९ मध्ये कळले.

आई इस्पितळात होती, पण घरी आणायचे ठरत होते. गुरुवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी ती गेली. न्यूजर्सीत तेव्हा बुधवारची संध्याकाळ होती, सहा वाजून चाळीस मिनिटे. दादा ऑफिसातून घरी येत होता. तो तसाच निघाला. रात्री अकराचे विमान मिळाले, ते युरोपातून. तिथे दुसरे विमान तीन तासांनी. शिवाय त्या दिवसांत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. बालाकोटच्या प्रकरणानंतर २७ फेब्रुवारीला ती मिटली ती जुलैच्या मध्यापर्यंत उघडली नाही. युरोपातून येणारी विमाने इराण आणि ओमानच्या अंगाने वळसा घालून येत होती. दोन देशांच्या भांडणाचे असे घराघरांत शिरणारे तास कुणी मोजत नाही. दादाने विमानतळावरून हिशेब करून सांगितले, "शुक्रवारी सकाळी सहाला घरी येतो. सव्वीस तास. तेवढे थांबा."

वडीलधारी मंडळी जमली होती. कुणी म्हणाले, थांबावे, थोरला मुलगा आहे. इस्पितळात शीतपेटीची सोय होती आणि तिथले लोक समजूतदार होते. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिले. आप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थांबायचे नाही. आज दुपारीच." का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्या वेळी त्यांना विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. अग्नी मी दिला.

दादा शुक्रवारी सहाला दहा मिनिटे कमी असताना दारात उभा होता. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी त्यानेच गोळा केल्या, नाशिकला तोच गेला, तेरा दिवस सगळे यथासांग केले आणि परत गेला. त्यानंतर रविवारचे फोन येत राहिले, पण ते हवापाण्याचे. "बरे आहे ना? औषधे घेता ना?" आप्पा म्हणत, "हो." पुढे दोन वर्षे साथीने सगळ्यांनाच कोंडले. चार वर्षांत ती दोन माणसे समोरासमोर आली नाहीत. फोनवर तर अंतर शून्य असते. त्या शून्यात काय काय मावत नाही, ते मी दर रविवारी ऐकत होते.

*

मे २०२३ मध्ये, परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावर, मी आप्पांना घेऊन निघाले. त्यांचे वय एकोणऐंशी, आणि गुडघे त्याहून जुने. विमानतळावर चाकांची खुर्ची त्यांनी आधी झिडकारली. पण तिच्यात बसणाराला रांगेत उभे राहावे लागत नाही हे पाहिल्यावर "खात्याच्या मालासारखे नेतात," असे म्हणून ते प्रसन्न झाले.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर सरकणारे एक चिमुकले विमान दिसते. आप्पांनी सिनेमे पाहिले नाहीत, जेवणाकडे फारसे लक्ष दिले नाही; सारा वेळ ते त्या नकाशाकडे पाहत होते. न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे तोंड करून का चालले आहे, ही त्यांची पहिली शंका. आमच्या पलीकडे बसलेल्या एका गृहस्थांची शंका याहून मूलगामी होती. पृथ्वी स्वतःभोवती फिरतेच आहे, तर विमानाने मुंबईवर नुसते तरंगत राहावे, अमेरिका आपोआप खाली येईल. एवढे तेल कशाला जाळायचे, असे ते म्हणाले. हिशेबाने पाहिले तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत सुमारे १४७ अंशांचे अंतर आहे, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे पावणेदहा तासांतच न्यूयॉर्कचे रेखांश पायांखाली यायला हवेत! अडचण एवढीच, की हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि तिच्यात तरंगणारे विमानही. धावत्या गाडीच्या डब्यात उंच उडी मारणारा उतारू मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. हा दृष्टान्त अर्थातच आप्पांनी दिला, आणि त्या गृहस्थांचे समाधान झाले.

त्या प्रवासातली सर्वांत अपूर्व गोष्ट म्हणजे सकाळ. विमान निघाले तेव्हा मध्यरात्र उलटलेली होती. पाच-सहा तासांनी खिडकीच्या कडेला तांबूस रेघ उमटली. मला वाटले, आता तासाभरात लख्ख उजाडेल. पण छे! उजाडले ते उजाडतच राहिले. त्याचे कारण असे आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, पण साठ अंश उत्तरेला हा वेग निम्मा, सुमारे ८३५ किलोमीटर होतो. जेट विमानाचा वेगही जवळपास तेवढाच. म्हणून इतक्या उत्तरेला पश्चिमेकडे चाललेले विमान सूर्याच्या बरोबरीनेच चालते. तो वर येऊ पाहतो आणि आपण त्याच्यापुढे पळत असतो. खाली बर्फ, त्यावर तिरपी कोवळी उन्हे, आणि ती हटायला तयार नाहीत. आमची ती सकाळ दहा तास चालली. उतरलो तेव्हा न्यूयॉर्कच्या घड्याळात सव्वासात झाले होते आणि माझ्या मनगटावर दुपारचे पावणेपाच. आप्पा म्हणाले, "एवढी मोठी सकाळ उभ्या जन्मात पाहिली नव्हती. एवढ्यात सगळा लॉट लावून झाला असता."

विमानतळावर दादा उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "गाडी लांब लावली आहेस का?" चार वर्षांनी भेटलेल्या बापलेकांचे हे पहिले वाक्य. आपल्याकडची माणसे अशीच असतात.

*

घड्याळ हा त्या घरातला निराळाच विषय. उन्हाळ्यात तिकडच्यापेक्षा आपण साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी ती मंडळी जवळजवळ सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आप्पांना हे अजिबात पटले नाही. मी त्यांना आठवण दिली, की आपली मुंबईही काही कमी हटवादी नव्हती. देशभर प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. अमेरिकेतल्या आगगाड्यांनी आपापली स्थानिक घड्याळे टाकून प्रमाणवेळा स्वीकारल्या त्या १८ नोव्हेंबर १८८३ रोजी. म्हणजे आनंदीबाई उतरल्यानंतर साडेपाच महिन्यांनी! त्या पोचल्या तेव्हा त्या देशात गावागणिक वेगळी वेळ होती.

विमान उत्तरेला का वळले, याचे उत्तर भाच्याने दिले. त्याच्या खोलीत लहानपणचा पृथ्वीचा गोल होता. त्याने आजोबांच्या हाती शिवणाचा दोरा दिला. मुंबईवर एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरे, आणि ताण देऊन बसवायचा. दोरा आपण होऊन जिथे बसतो ती सर्वांत जवळची वाट. तो अरबस्तान, आफ्रिका असा आडवा गेलाच नाही. बलुचिस्तानावरून, तुर्कमेनिस्तानावरून थेट मॉस्कोवर गेला. पुढे फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लाब्राडोरवर उतरला आणि मग न्यूयॉर्क. सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारून जायचे म्हटले, तर अंतर सुमारे सतराशे किलोमीटरनी वाढते. म्हणजे मुंबईहून कोलकात्याला जाण्याइतके! प्रत्यक्षात विमाने नेमकी दोऱ्यावरून जात नाहीत. वारा, हवामान आणि देशादेशांची वैरे सांभाळून ती डावी-उजवीकडे सरकतात. "म्हणजे सरळ वाट वाकडी दिसते, आणि सरळ दिसते ती लांबची," आप्पा म्हणाले. दादा दारात उभा राहून ऐकत होता.

*

एका शनिवारी दादाने पोकिप्सीला जायचे काढले. मी वर्गात आनंदीबाई शिकवते, म्हणून माझ्यासाठी, असे त्याने सांगितले. वीस वर्षे तो त्यांच्या कार्पेंटरबाईंच्या रोझेलपासून थोड्या अंतरावर राहतो, पण तोही कधी तिकडे गेलेला नव्हता.

एडिसनहून आगगाडीने न्यूयॉर्कला गेलो. स्टेशनाला लागूनच जुन्या टपाल कचेरीची खांबांची अवाढव्य इमारत आहे. तिच्या कपाळावर, बर्फ, पाऊस, ऊन, रात्र यांपैकी काहीच डाकवाल्यांना अडवत नाही, अशा अर्थाचे वचन कोरले आहे. मूळचे हिरोडोटसचे, इराणी बादशहाच्या जासुदांविषयीचे. आप्पांनी खुर्ची थांबवून ते पूर्ण समजावून घेतले आणि हात जोडले. देवळासमोर जोडतात तसे नव्हे, वरिष्ठाला जोडतात तसे.

ग्रँड सेंट्रल स्टेशनावरून पोकिप्सीची गाडी हडसन नदीच्या अगदी काठाने जाते, जवळजवळ दोन तास. डाव्या खिडकीत सारा वेळ पाणी. नदी कसली, खाडीच. समुद्राची भरती तिच्यात दोनशे किलोमीटरपेक्षाही आत चढते. म्हणून तिथल्या मूळच्या लोकांनी तिला दोन्हीकडे वाहणारी नदी असे नाव दिले होते. ठाण्याच्या खाडीवर आयुष्य काढलेल्या आप्पांना तिची ओळख लगेच पटली. "ओहोटी आहे आत्ता," ते काठाची ओली रेघ पाहून म्हणाले.

पोकिप्सीची दफनभूमी म्हणजे नदीजवळची एक हिरवीगार बागच आहे. कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत इतर दगडांमध्ये एक साधा दगड. त्यावर आनंदीबाईंचे नाव, वर्षे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, त्या वर्षअखेरीस आजारी अवस्थेतच मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्या बाईंनी ती आपल्या घरच्या माणसांत ठेवली. अठ्ठावन्न दिवसांची ती वाट आनंदीबाईंनी एकदा जाताना चालली, एकदा परतताना, आणि पुन्हा एकदा अशी.

वहिनीने पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली. सवाष्ण गेली होती ना!

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. "गोपाळराव आमच्याच खात्यातला," ते म्हणाले. "पोस्टातला कारकून. कोणती वस्तू कुणाच्या पत्त्यावर जायला हवी, ते त्याला बरोबर कळले."

दादा दगडाकडे पाहत होता. म्हणाला, "महिना-दोन महिने लागले असतील यायला. तेवढे ही मंडळी थांबली."

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळले असावे. मी आणि वहिनी गप्प राहिलो. आप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"राख थांबते रे बाळ," ते म्हणाले. "तुझी आई याच्या जन्माच्या वेळी इथे आली होती, जानेवारीत. आठवते? परत आल्यावर जन्मभर एकच गोष्ट सांगायची. म्हणायची, 'अहो, दुसरे काहीही सोसेन, पण तो गारठा नको. हाडांत शिरतो.' इस्पितळातली ती पेटी मी पाहून आलो होतो. सव्वीस तास तिला त्या थंडीत कशी ठेवू मी? तू येशील तेव्हा ती तशी भेटायला नको होती तुला."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दादा म्हणाला, "मला सांगायचेत ना, आप्पा."

"फोनवर सांगण्याजोगे नव्हते ते."

दादाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला, आणि ते दोघे उताराच्या पायवाटेने सावकाश चालू लागले. रिकामी खुर्ची भाचा ढकलत मागून येत होता.

*

आम्ही जून संपता संपता परतलो. जाताना पावणेसोळा तास लागले होते, येताना सव्वाचौदा. तीच दोन शहरे, तेच अंतर, मग दीड तास गेला कुठे? तो वाऱ्याने दिला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे प्रवाह वाहतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठीवर घेतात आणि पश्चिमेला जाणाऱ्याला छातीवर. या वाऱ्यांची करामत अशी, की ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेले, तेव्हा ते सुमारे १३,९०० ऐवजी १५,३०० किलोमीटर उडाले, आणि तरीही जवळजवळ दोन तास आधी पोचले. अंतर जास्त, वेळ कमी. आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. "कल्याणहून पुण्याची डाक कोणत्या गाडीला दिली यावर असते," एवढेच ते म्हणाले.

हवाई हद्दी उघडतात आणि मिटतात. २०१९ मध्ये मिटलेली उघडली, २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाने पाश्चात्त्य विमानांना आपले आकाश बंद केले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने पुन्हा आपल्या विमानांना वाट नाकारली. दर वेळी कुणाच्या तरी सोळा तासांचे अठरा झाले. ज्यांची माणसे परदेशी आहेत त्यांनी हा हिशेब मनाशी करून ठेवावा, असे मला वाटते. पारपत्राची मुदत पाहावी, चार पैसे तिकिटासाठी बाजूला असावेत. आणि फोनवर सांगण्याजोगे नसलेले जे काही असेल, ते सांगायला हातीपायी धड असतानाच जाऊन यावे. विमान माणसाला नेऊन पोचवते. पुढचे चार पावलांचे अंतर ज्याचे त्याने चालायचे असते.

त्या वर्षीच्या दिवाळीला फराळाचे पार्सल निघाले तेव्हा आप्पांनी पत्ता स्वतः लिहिला, सॉर्टरच्या सुवाच्य अक्षरात, पिनकोडच्या आकड्यांना खाली रेघ मारून. न्यायला आलेल्या मुलाला त्यांनी विचारले, "किती दिवस लागतील?"

"आजोबा, पाच-सहा दिवस."

"हरकत नाही," आप्पा म्हणाले, "चकल्या टिकतात."